अराजकवाद म्हणजे लुटालूट? फिरत्या मजकुराला उत्तर

‘अराजकवादी म्हणजे कसलेच नियम नको असलेले बॉम्बफेके. सरकार एक दिवस बंद ठेवा, लोक एकमेकांना लुटतील. पटत नसेल तर सोमालिया बघा. हे खूळ जगात कुठेही, कधीही चाललेलं नाही.’ हा मजकूर सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय आणि शिकलेसवरलेले लोकही ‘अगदी बरोबर’ म्हणत पुढे ढकलतायत. मी अराजकवादी नाही. पण झोडपायचंच तर माहिती घेऊन झोडपावं.

बॉम्बचं आधी. ते खोटं नाही. फ्रान्सचे अध्यक्ष कार्नो यांना १८९४ मध्ये आणि अमेरिकेचे मॅकिन्ली यांना १९०१ मध्ये मारणारे अराजकवादीच होते. मात्र त्याच सुमारास त्याच पंथाचा रशियन विचारवंत क्रपॉटकिन प्राणी आणि माणसं परस्परांच्या मदतीवर कशी तगतात हे लिहीत होता. आणि फेब्रुवारी १९१६ मध्ये काशीला, हिंदू विद्यापीठाच्या समारंभात, संस्थानिकांच्या देखत ‘मीही अराजकवादीच, पण वेगळ्या प्रकारचा’ असं गांधीजी म्हणाले होते. त्यांनाही बॉम्बफेक्यांत घालायचं का?

‘नियम नकोत’ हे तर साफ चूक. यांचा राग नियमांवर नाही. नियम करणारा एक, पाळणारा दुसरा आणि पाळणाऱ्याला ‘नाही’ म्हणायची सोय नाही, यावर आहे. सरकारी खात्याशिवाय कडक नियम कसे चालतात ते धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीत दिसतं. पांझरा, मोसम या नद्यांवर बंधारे, त्यातून निघणारे पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार भाग, म्हणजे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. ज्या साली पाणी कमी, त्या साली एखादा फड कोरडा ठेवायचा. पाटाची साफसफाई सगळ्यांनी मिळून. पाणी फिरवायचं काम पाटकऱ्याचं. शेतकरी कितीही मोठा असो, त्यानं परस्पर पाणी वळवायचं नाही. पाटकऱ्याचा मोबदला शेतातल्या मालातून. हे शतकानुशतकं चाललं. फड बसवणाऱ्यांनी अराजकवादाचं नावही ऐकलं नसणार, आणि वर राजा होताच, हे मान्य. पण पाण्यासारख्या भांडणाच्या गोष्टीत रोजचा कारभार ज्याचा त्यानं चालवला, लुटालूट झाली नाही.

‘कुठेही, कधीही नाही’ म्हणणाऱ्यांसाठी स्पेनमधलं बार्सिलोना. जुलै १९३६ मध्ये तिथे सरकारविरुद्धचं लष्कराचं बंड फसलं. ते मोडण्यात सीएनटी या अराजकवादी कामगार संघटनेचा मोठा वाटा होता. ट्राम कंपनीचे वरचे साहेब पसार झालेले, रस्त्यांत मोर्चेबंदीचे ढिगारे, तारा तुटलेल्या. कामगारांनीच दुरुस्ती केली आणि काही दिवसांत लाल-काळ्या रंगातल्या ट्राम धावू लागल्या. कारखाने, टेलिफोन, अरागॉन प्रांतातली शेती, बरंच काही कामगारांच्या आणि गावांच्या समित्यांकडे गेलं. सगळं गोड नव्हतं. चर्चेस जळली, पाद्री मारले गेले, काही गावांत जमिनी एकत्र झाल्या त्या बंदुकीच्या धाकानं. आणि नोव्हेंबरात सीएनटीचे चार पुढारी चक्क मंत्री झाले! सरकार नको म्हणणाऱ्यांनी न्याय आणि आरोग्य खाती सांभाळली, याची टिंगल त्यांच्याच लोकांनी केली आणि ती रास्त होती. पण शेवट कसा झाला तेही सांगा. ३ मे १९३७ ला सरकारी पोलीस टेलिफोन एक्स्चेंजचा ताबा घ्यायला आले, रस्त्यांवर गोळीबार पेटला; ऑगस्टमध्ये अराजकवाद्यांच्या हातातली अरागॉनची कारभारी परिषद सरकारनं बरखास्त केली आणि सैन्य पाठवलं. प्रयोग संपला तो ट्राम बंद पडल्या म्हणून नव्हे.

सोमालियाबद्दल फार लिहायची गरज नाही. १९९१ मध्ये तिथे कोसळली ती दोन दशकांहून जुनी लष्करी हुकूमशाही. नंतर जे नाक्यानाक्यावर बंदूक रोखून वसुली करत होते ते टोळीप्रमुख अराजकवादी नव्हते. एका हुकूमशहाच्या जागी दहा छोटे आले.

खरा घाव या मजकुराला सुचलाच नाही, आणि तो आपल्याकडचा आहे. मधे सरकार नसलेला समाज म्हणजे नेमका कोणाचा समाज? फडात पाणी होतं, पण ज्याला जमीनच नाही त्याला तिथे कोण विचारणार? ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत आंबेडकरांनी खेड्याला संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं आगर म्हटलं, ते काही उगीच नाही. गावाच्या एकमतानं माणसाला पाण्यापासून तोडलं तर दाद कुठे मागायची, याचं पटेल असं उत्तर मला अजून अराजकवाद्यांकडून मिळालेलं नाही. ‘जाती आधी मोडू’ म्हणतात. पण मोडेपर्यंत काय?

तरी सरकारच्या बाजूनंही हा हिशेब सरळ सुटत नाही. महाडला १९२७ मध्ये सरकार होतं. सार्वजनिक पाणवठे खुले करायचा मुंबई कौन्सिलचा १९२३ चा ठराव होता, नगरपालिकेनंही चवदार तळं खुलं केलेलं होतं. तरी २० मार्चला पाणी प्यायल्यावर लाठ्या खाल्ल्या त्या सत्याग्रहींनीच. डिसेंबरात ते पुन्हा जमले तेव्हा आडवी आली ती कोर्टाची मनाई, आणि हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं.