भगतसिंगांना १४ फेब्रुवारीला फाशी झालेली नाही

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा आला की मोबाइलवर तोच मजकूर फिरू लागतो: ‘१४ फेब्रुवारी १९३१ रोजी लाहोरमध्ये भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांना फाशी देण्यात आली. प्रेमाचा दिवस साजरा करताना हे विसरू नका. शाळेत हे शिकवत नाहीत, म्हणून पुढे पाठवा.’ पाठवणाऱ्याची श्रद्धा खरी असते, त्यामुळे चूक दाखवताना संकोच होतो. तरीही दाखवायला हवी, कारण या चुकीत त्या तिघांच्या आयुष्यातले शेवटचे ३७ दिवस पुसले जातात.

फाशी झाली ती २३ मार्च १९३१ रोजी, सोमवारी संध्याकाळी, लाहोरच्या मध्यवर्ती तुरुंगात. ठरली होती २४ मार्चच्या सकाळी. सरकारने ती आदल्या संध्याकाळीच उरकली आणि रातोरात मृतदेह सतलजच्या काठी हुसैनीवालाजवळ नेऊन जाळले. घरच्यांच्या हाती ते दिलेच नाहीत.

कुणी चूक दाखवली की मजकूर थोडा बदलतो. ‘फाशी नाही, त्या दिवशी शिक्षा सुनावली.’ हेही खरं नाही. ब्रिटिश पोलीस अधिकारी सॉन्डर्सच्या खून प्रकरणी विशेष न्यायाधिकरणाने निकाल दिला ७ ऑक्टोबर १९३० रोजी. त्याविरुद्धचा अर्ज लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, ११ फेब्रुवारी १९३१ रोजी फेटाळला.

मग १४ फेब्रुवारीला झालं काय? पंडित मदनमोहन मालवीय यांनी व्हाइसरॉय आयर्विन यांच्याकडे विनंती केली, की दयेचा अधिकार वापरून फाशीऐवजी जन्मठेप द्या. म्हणजे ज्या दिवशी तिघांना वाचवण्याची धडपड चालू होती, नेमका तोच दिवस आपण त्यांच्या मृत्यूचा म्हणून वाटत सुटलो आहोत.

आता ते ३७ दिवस. ३ मार्चला घरच्यांशी शेवटची भेट झाली. धाकट्या भावाच्या, कुलतारच्या डोळ्यांत पाणी पाहून भगतसिंगांना गलबलून आलं आणि त्यांनी त्याला उर्दूत पत्र लिहिलं. अभ्यास कर, तब्येतीची काळजी घे, असं सांगून पुढे काही शेर उतरवून दिले. २० मार्चला पंजाबच्या गव्हर्नरला पत्र गेलं: आम्ही तुमच्याशी युद्ध पुकारल्याचं तुमचंच न्यायालय म्हणतं, मग आम्ही युद्धकैदी ठरतो, आम्हाला फासावर न चढवता गोळ्या घाला, त्यासाठी सैन्याची तुकडी पाठवा. दयेची याचना करण्याऐवजी मरणाची रीत बदलून मागणारं हे पत्र मी जितक्या वेळा वाचतो तितक्या वेळा थांबावं लागतं. २२ मार्चला, फाशीच्या आदल्या दिवशी, साथीदारांना शेवटची चिठ्ठी लिहिली. १४ फेब्रुवारीची फाशी खरी मानली, तर यातलं एक अक्षरही लिहिलं गेलेलं नाही असं म्हणावं लागेल.

आणखी एक विसंगती आहे. हाच मजकूर पाठवणारे अनेकजण दुसऱ्या दिवशी ‘गांधींनी करारात भगतसिंगांची सुटका का मागितली नाही?’ असं विचारतात. गांधी-आयर्विन वाटाघाटी सुरू झाल्या १७ फेब्रुवारीला आणि करारावर सह्या झाल्या ५ मार्चला. १८ फेब्रुवारीला गांधींनी आयर्विन यांच्यापुढे भगतसिंगांचा विषय काढला, आणि २३ मार्चच्या सकाळीही फाशी थांबवा असं पत्र त्यांना लिहिलं. ते प्रयत्न पुरेसे होते का, यावर भांडण जरूर व्हावं. त्या काळीही झालं, कराचीला काँग्रेस अधिवेशनासाठी निघालेल्या गांधींना तरुणांनी काळे झेंडे दाखवले. पण १४ फेब्रुवारीला फासावर गेलेल्या माणसाला ५ मार्चच्या करारात कसं वाचवणार? दोन्ही आरोप एकाच तोंडाने करता येत नाहीत.

‘हा दिवस दडवला’ हे तर मुळीच पटत नाही. २३ मार्च हा शहीद दिन म्हणून देशभर पाळला जातो. हुसैनीवालाला स्मारक आहे. आपल्या पुणे जिल्ह्यातल्या खेडचं, राजगुरूंच्या जन्मगावाचं, नावच राजगुरुनगर आहे.

शेवटी उरतं ते ‘तारखेचं काय एवढं, भावना महत्त्वाची’. आपल्या वडिलांचं श्राद्ध आपण सोयीच्या तिथीला करतो का? व्हॅलेंटाइन डे आवडत नसेल तर तसं स्वतःच्या नावावर सरळ म्हणा, तिघांच्या मरणाची तारीख त्यासाठी हलवू नका. आणि १४ फेब्रुवारीला कुणाची आठवण काढायचीच असेल, तर २०१९ साली याच दिवशी पुलवामात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जवान मारले गेले.