टीम बिल्डिंग, पत्र्याखाली

आमच्या संस्थेच्या अध्यक्षांची सून सिंगापूरच्या एका शाळेत शिकवते. सत्र सुरू व्हायच्या आधी तिकडे शिक्षकांना खेळ खेळायला लावतात, त्यानं एकोपा वाढतो, असं तिनं व्हिडिओ कॉलवर सांगितलं आणि अध्यक्षांनी तडक मुख्याध्यापकांना फोन लावला. जूनचा पहिला आठवडा, त्यात रविवार. जळगाव जिल्ह्यात या दिवसांत माणूस कुलरसमोरून हलत नाही. आम्ही मात्र सकाळी दहाला पत्र्याच्या हॉलमध्ये. एकाच सतरंजीवर, ईव्हीएम उशाशी घेऊन निवडणुकीची रात्र काढलेल्या मंडळींना एकोपा शिकवायला पुण्याहून एक ताई आल्या होत्या.

पहिला खेळ हातांच्या गाठीचा. गोलात उभं राहून समोरच्यांचे हात धरायचे आणि हात न सोडता गुंता सोडवायचा. बाया एकीकडे, बाप्ये एकीकडे असे दोन गोल आपोआप झाले. जिथे दोन्ही गोल एकत्र आणले, तिथे मधे हातरुमाल आले. गुंता सुटला, रुमाल कोणाचा कोणता याचा घोळ जेवणापर्यंत चालला.

मग डोळे मिटून मागे पडायचं आणि सहकाऱ्यांनी झेलायचं. यात मात्र स्टाफरूमचं खरं राजकारण उघडं पडलं. मुख्याध्यापक पडले तेव्हा सात-आठ जण पुढे धावले. शालार्थ या सरकारी संकेतस्थळावर पगारबिलं भरणारे क्लार्क भाऊसाहेब पडायचा नुसता विचार करत होते, तर अख्खा हॉल हात पसरून उभा! ज्यांचं वैद्यकीय बिल अडकलंय ते सर तर गुडघेही टेकून बसले. माझ्या वेळी मागे होते ते दोघं घाम पुसत होते. पुढचं सांगत नाही.

शेवटी मार्शमेलोचा मनोरा. वीस कच्च्या स्पॅगेटीच्या काड्या, एक वार चिकटपट्टी, एक वार दोरा आणि एक मार्शमेलो, म्हणजे मऊ विलायती मिठाई. अठरा मिनिटांत उंच मनोरा उभा करून टोकावर मार्शमेलो ठेवायचा. पीटर स्किलमन नावाच्या डिझायनरनं हा खेळ काढला, आणि टॉम वुजेक यांनी 2010 च्या भाषणात सांगितलं की एमबीएवाल्यांपेक्षा बालवाडीतली पोरं जास्त उंच मनोरे करतात, हे ताईंनी कौतुकानं ऐकवलं.

"मग पोरांनाच बोलवायचं ना," मराठीचे सर पुटपुटले.

ते गुबगुबीत पांढरं बोटानं दाबून पाहत आमच्या गटातले माळकरी गुरुजी म्हणाले, "हाई काय शे भो?" विज्ञानाच्या मॅडमनी उत्साहानं सांगितलं, की यात जिलेटिन असतं, ते जनावरांच्या कातडी-हाडांपासून काढतात. गुरुजींनी हात झटकला, बाहेर जाऊन नळाखाली धुतला, आणि तो पदार्थ मनोऱ्यावर असेपर्यंत मनोऱ्याला हात लावणार नाही म्हणून सांगितलं. तडजोड म्हणून शिपायानं दुकानातून राजगिऱ्याचा लाडू आणला. लाडू ठेवताच स्पॅगेटी कडाकड मोडली. शेजारच्या गटाचा मनोरा टिकला होता, पण पत्र्याच्या उकाड्यात त्यांचा मार्शमेलो मऊ पडून काडीवरून खाली सरकत होता, आणि उंची वरून मोजायची की जिथे तो थांबेल तिथून, यावर गणिताच्या दोन सरांचं जुंपलं. ताई पाण्याची तिसरी बाटली संपवून, शेवभाजीचा वास कुठून येतोय ते शोधू लागल्या.

सोमवारी मी भाऊसाहेबांकडे रविवारची बदली रजा मागितली. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"काल खेळायला आले होते ना, सर?"