थांबा, ग्राफ अजून खाली यायचाय

आमच्या घरी एसी घ्यायचा, हे 2025 च्या मार्चमध्ये एकमताने ठरलं. कधी घ्यायचा, हे मी ठरवणार होतो, कारण घरात ग्राफ फक्त मलाच वाचता येतो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ऑनलाइन दुकानांतल्या वस्तूंच्या किमती रोज टिपून ठेवणारी मंडळी आहेत. कीपा आहे, बायहटके आहे. ब्राउझरमध्ये एकदा ते बसवलं की वस्तूची आजवरची किंमत वेड्यावाकड्या रेघेत समोर येते. वर एमआरपी 68,990, तिच्यावर काट, खाली ठळक अक्षरांत ‘आज फक्त 38,990’, शेजारी उलटं पळणारं घड्याळ. गिऱ्हाईक घामाघूम. आणि रेघ शांतपणे सांगते की बाबा रे, हा एसी 68,990 ला आजवर कुणी विकलेला नाही आणि कुणी घेतलेलाही नाही. गेल्या महिन्यात तो 37,490 ला होता, परवा 41,000 वर चढवला आणि आज ‘उतरवला’.

ही दृष्टी आली की माणूस पूर्वीसारखा राहत नाही. मी मिक्सरच्या भांड्याचा ग्राफ पाहतो. तूरडाळीचा पाहतो. वास्तुशांतीला आहेरात आलेल्या कॅसेरोलचा ग्राफ पाहून देणाऱ्याविषयी मी कायमचं मत बनवलेलं आहे. युरोपात म्हणे सूट जाहीर करताना आधीच्या 30 दिवसांतली सर्वांत कमी किंमत सांगावीच लागते, 2022 पासून तसा नियम आहे. आपल्याकडेही 2023 मध्ये सरकारने ‘फक्त 2 शिल्लक’ छापाच्या खोट्या घाईला फसव्या क्लृप्त्यांच्या यादीत टाकलं. पण यादी दिल्लीत असते आणि घड्याळ आपल्या स्क्रीनवर.

तर एसी. एसीच्या रेघेला स्वतःचे ऋतू असतात. एप्रिल-मेमध्ये चढ, दिवाळीच्या सुमारास उतार, डिसेंबरात तळ. म्हणजे अंगावर रजई असते तेव्हा एसी सगळ्यांत स्वस्त. हे लक्षात आल्यावर मार्चमध्ये एसी घेणं मला शक्यच नव्हतं.

“अहो, उन्हाळा आत्ता आहे ना?” ही म्हणाली.

“म्हणूनच तर महाग आहे.”

नागपुरात हा युक्तिवाद टिकवायला छाती लागते. होळी झाली, कूलर बाहेर काढला, खस बदलली, पंपातून गेल्या वर्षीची पाल काढली. एप्रिलमध्ये पारा 44 च्या वर गेला. आई ओला पंचा डोक्यावर घेऊन बसायची आणि दर अर्ध्या तासाने विचारायची, “काहून रे, उतरला का तुहा ग्राफ?” मेहुण्याने त्याच आठवड्यात बर्डीच्या बाजारात जाऊन एसी घेतला. कितीला, विचारलं तर म्हणाला, “बावीसशे की तेवीसशे हप्ता आहे बा.” एकूण किंमत त्याला माहीतच नव्हती! मी त्याला ग्राफ दाखवू लागलो, तर त्याने माझ्या हातातून फोन घेऊन क्रिकेटचा स्कोअर पाहिला.

पण दैव माझ्या बाजूने होतं. मे महिन्यात अवकाळी पाऊस आला, गारवा पडला, एसी कंपन्यांचा ऐन हंगाम वाया गेला. माल पडून राहणार, भाव पडणार. मी जूनची वाट पाहू लागलो. जून-जुलैत नागपूरचा कूलर वारा न देता नुसती वाफ देतो. पीठ, पापड आणि माणसं, सगळ्यांनाच ओल धरते. हिने जुलैच्या सेलमध्ये निर्णय लावून धरला. मी तयार झालोही असतो. पण हवा तो एसी आजवरच्या नीचांकापेक्षा 410 रुपयांनी महाग होता आणि ते 410 रुपये माझ्या डोळ्यांपुढून हलेनात.

मग 15 ऑगस्टला लाल किल्ल्यावरून घोषणा झाली की दिवाळीपर्यंत जीएसटी कमी करणार. त्या दिवशी मला खरं समाधान मिळालं, कारण अख्खा देश माझ्यासारखा वागू लागला. दुकानांत चिटपाखरू नाही. ज्याला त्याला विचारावं तर, “थांबलोय.” मी मार्चपासून थांबलेला, म्हणजे या चळवळीतला ज्येष्ठ कार्यकर्ता! 22 सप्टेंबरला, ऐन घटस्थापनेला, एसीवरचा कर 28 टक्क्यांवरून 18 वर आला. लोकांना वाटलं भाव दहा टक्के उतरणार. मी सोसायटीच्या गेटवर चौघांना थांबवून हिशेब समजावला. कर मूळ किमतीवर असतो, तेव्हा 128 चे 118 होतात, म्हणजे उतार पावणेआठ टक्क्यांचा. 38,400 चा एसी 35,400 ला. तीन हजार, दहा टक्के नव्हे. चौथा माणूस दूध आणायला निघाला होता, त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाला, “मग घेतला का तुम्ही?”

नव्हता घेतला. कारण लगेच सेल लागला आणि सेलमध्ये कळलं की ग्राफला एक गोष्ट मुळीच कळत नाही, ती म्हणजे कार्ड. ग्राफवरची किंमत ही फक्त प्रस्तावना असते. तिच्यातून अमुक बँकेच्या क्रेडिट कार्डाचे दीड हजार वजा करा, पण ते हप्त्यांवरच. हप्ता ‘बिनव्याजी’, पण प्रक्रिया शुल्क 199, त्यावर पुन्हा जीएसटी. जुना एसी दिला तर आणखी सूट, आणि जुना एसी असता तर ही भानगडच कशाला झाली असती? ते कार्ड खालच्या मजल्यावरच्या काकांकडे होतं. काकांनी कार्ड दिलं, चहा दिला, ते कार्ड कसं मिळालं त्याची कथा सांगितली. ओटीपी मात्र त्यांच्या मुलाच्या नंबरवर जायचा आणि मुलगा बंगळुरात मीटिंगमध्ये. त्याने ओटीपी पाठवला तोवर पान ‘सत्र संपले’ म्हणत होतं. दुसऱ्या खेपेला एसी दिसला, सूट दिसली नाही.

तोवर थंडीची चाहूल लागली होती. “आता कशाला?” ही म्हणाली. मी म्हटलं, आता तर खरी वेळ आली! आणि तेवढ्यात तारे आडवे आले. 1 जानेवारी 2026 पासून वीजबचतीच्या ताऱ्यांचे निकष कडक होणार, आजचा पाच तारेवाला उद्या चार तारेवाला होणार, असं समजलं. म्हणजे जुना माल काढण्यासाठी भाव पडतील, पण उशीर केला तर हवं ते मॉडेल मिळणार नाही. त्याहून वाईट म्हणजे मॉडेल नंबरातलं एक अक्षर बदललं की ग्राफ पहिल्यापासून सुरू होतो. शेपटाला वाय होता, तिथे झेड लागला, की तोच डबा, तोच पंखा, पण इतिहास पुसलेला. मी इतके महिने ज्या रेघेवर नजर ठेवली, ती डिसेंबरच्या 31 तारखेला संपणार आणि तिच्या जागी दोन ठिपक्यांची नवी रेघ येणार. दोन ठिपक्यांवर माणूस काय ठरवणार?

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, पहाटे, कानटोपी घालून मी एसी घेतला. रेघेच्या तळाला. मेहुण्याला स्क्रीनशॉट पाठवला. त्याने अंगठा पाठवला.

एसी लावायला आलेला मुलगा स्वेटरमध्ये होता. त्याने आधी एसीकडे पाहिलं, मग खिडकीबाहेरच्या धुक्याकडे, मग माझ्याकडे.

“कितीले पडला भाऊ?”

मी अभिमानाने सांगितलं.

“ऑनलाइन? मले सांगाचं ना. माह्या ओळखीचं दुकान हाय बर्डीवर. कमीत देला असता.”

मी दुकानाचा ग्राफ मागणार होतो, पण त्याने टेप लावली होती. “तीन मीटर पाइप येते संगं. तुमाले सहा लागते. तांब्याचं हाय, मीटरच्या हिशेबानं पैसे होतीन. स्टँड येगळा. भोकाचे येगळे.” खोक्यावर बॉलपेनने त्याने बेरीज मांडली. सप्टेंबरचे तीन हजार त्या बेरजेत निमूट जाऊन बसले.

मी फोन काढला आणि तांब्याचा ग्राफ उघडला. रेघ सरळ वर निघाली होती. तांबं आजवरच्या उच्चांकावर.

“पाइपचं जरा थांबलं तर?” मी म्हणालो. “एसी आत्ता टांगून ठेवू. पाइप काय, मार्चपर्यंत टाकला तरी…”

स्वयंपाकघरातून ही हात पुसत बाहेर आली.

“भाऊ,” ती त्या मुलाला म्हणाली, “तुम्ही पाडा भोक.”