बाहुली जपली, मूल राहून गेलं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही ऐसपैस लिहितो. 'संग्रहालयांत मुलं दिसतच नाहीत' या माझ्या विधानावर तुमच्या चार हरकती आहेत. खेळणी, पाळणे, झबली यांची दालनं जगभर आहेत, मग मुलं दिसत नाहीत कशी? मुलांनी स्वतः केलेलं काही टिकतच नाही, मग ठेवणार काय? आणि सगळं ठेवायचं म्हटलं तर कोठारं पुरणार नाहीत. शिवाय मुलांना विचारून मांडणी करणं हे नुसतं फॅड आहे, असंही तुम्ही म्हणता.

पहिल्या हरकतीत तथ्य आहे. 'दिसतच नाहीत' हे मी जास्त ताणून लिहिलं. बालपण दिसतं, मुलं दिसत नाहीत, असं म्हणायला हवं होतं. एडिंबरातलं बालपणाचं संग्रहालय १९५५ साली सुरू झालं, तेव्हा त्याचे संस्थापक पॅट्रिक मरी यांनी हे संग्रहालय बालपणाविषयी आहे, मुलांसाठी नाही, अशी भूमिका उघडपणे घेतली होती. बाकीच्यांनी तसं बोलून दाखवलं नाही, पण मांडणी तशीच केली.

विकतची बाहुली मोठ्यांनी घडवलेली, मोठ्यांनी निवडलेली आणि मोठ्यांनीच दिलेली असते. मुलांना काय आवडावं याबद्दलची मोठ्यांची समजूत तिच्यात दिसते. मूल दिसायला लागतं ते त्यानंतर त्या बाहुलीचं जे काही होतं त्यात. एखादी कापडी बाहुली हातात घेऊन नीट बघा. एक हात चावून चावून चपटा झालेला. केस एकाच बाजूने कात्रीने भादरलेले. पाठीची उसवण भलत्याच रंगाच्या दोऱ्याने, लांब लांब टाक्यांनी शिवलेली आणि गाठ बाहेरच राहिलेली. दंडावर पेनाचा एक ठिपका, म्हणजे तिला कधीतरी इंजेक्शन दिलं गेलंय. आता हीच बाहुली संग्रहालयात दाखल होते. ठिपका पुसला जातो, टाके उसवून नीट घातले जातात आणि नोंदवहीत ओळ पडते: 'बाहुली, कापडी, उंची ३२ सेंमी, स्थिती खराब.' देणाऱ्याचं नाव लिहिलं जातं, खेळणाऱ्याचं नाही. मुलाच्या हातची प्रत्येक खूण 'खराबी' या एका शब्दात गेली. म्हणून माझा आग्रह असा की खेळणं आलं की आधी साफ करू नका. पुढून, मागून, खालून, बाजूला मोजपट्टी ठेवून फोटो काढा, आणि प्रत्येक खुणेबद्दल विचारा: ही कोणी केली, तेव्हा वय किती होतं, या बाहुलीला काय नावाने हाक मारायचे?

'मुलांचं काही टिकत नाही' हे मात्र मला मान्य नाही. रशियातल्या नोवगोरोदमध्ये १९५६ सालच्या उत्खननात ओनफिम नावाच्या मुलाची भूर्जाच्या सालीवरची चित्रं आणि गिरवलेली अक्षरं सापडली. काळ तेरावं शतक, वय अंदाजे सहा-सात. त्यातला एक तुकडा म्हणजे सालीच्या डब्याचा फुटका बूड. त्याच्या एका बाजूला मुळाक्षरं गिरवलेली आहेत. उलट बाजूला लांब मानेचं, गुंडाळलेल्या शेपटीचं जनावर आहे, आणि शेजारी लिहिलंय: 'मी जंगली जनावर आहे.' दुसऱ्या एका चित्रात घोडेस्वार शत्रूला भाल्याने भोसकतोय आणि त्याच्याजवळ ओनफिमने स्वतःचं नाव लिहिलंय. माणसांच्या हातांना बोटं कुठे तीन, कुठे त्याहून कितीतरी जास्त! हे टिकलं ते ओल्या, हवा न पोचणाऱ्या मातीमुळे. आपल्याला ते कळलं मात्र उत्खनन करणाऱ्यांनी फुटका बूड कचऱ्यात टाकला नाही म्हणून.

नावाचं महत्त्व नाझींच्या तेरेझिन छावणीतल्या चित्रांवरून कळतं. त्या छळछावणीत चित्रकार फ्रीडल डिकर-ब्रँडाइस मुलांना चित्रकला शिकवायच्या आणि चित्रावर नाव घालायला लावायच्या. १९४४ मध्ये फ्रीडल यांना आउश्वित्झ छावणीत नेऊन मारण्यात आलं. मागे राहिलेली सुमारे साडेचार हजार चित्रं आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. पुष्कळ चित्रांवर नावं असल्यामुळे काढणारी मुलं पुढे ओळखता आली. नाव नसतं तर त्या कागदांवर फक्त 'छावणीतल्या मुलांची चित्रं' एवढंच लिहावं लागलं असतं.

म्हणून चित्र घेताना त्याच दिवशी, त्याच मुलाला विचारून नाव, वय, तारीख आणि 'यात काय आहे' ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. कागदाच्या मागे, कडेला, मऊ पेन्सिलीने आणि हलक्या हाताने. बॉलपेन नको, दाब पुढच्या बाजूला उमटतो. स्टेपलच्या पिना आणि रबरबँड काढा. सेलोटेप लावू नका, त्याचा डिंक काही वर्षांत पिवळा होऊन कागदात मुरतो. लॅमिनेशन तर अजिबात नको, ते नंतर सोडवता येत नाही. स्केचपेनची शाई उजेडात फार लवकर उडते, तेव्हा असं चित्र ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आत, म्हणजे मंद उजेडात, तेही काही महिनेच लावायचं आणि मग अंधारात परत ठेवायचं.

जागेचं म्हणाल तर एका वर्गातल्या तीस मुलांची ए-फोर चित्रं, मध्ये ॲसिड-फ्री (आम्ल नसलेला) कागद घालूनही, दोन-तीन सेंटीमीटर जाडीच्या एका खोक्यात मावतात. सगळ्या वर्गांची घेऊ नका. एकाच वर्गाची, एका विषयावरची घ्या, पण त्यातली सगळी घ्या, खोडलेली आणि अर्धवटसुद्धा. 'त्यातल्या त्यात चांगली' निवडली की मोठ्यांची आवडच जमा होते. खरं तर कोठारात त्रास देतात ती खेळणीच. सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकची बाहुली कुजताना आम्लधर्मी वायू सोडते, शेजारचा धातू खाते आणि चटकन पेट घेते. तिला वेगळी, थंड आणि हवेशीर जागा लागते. जुन्या पीव्हीसी प्लास्टिकच्या बाहुलीतला मऊपणा आणणारा द्रव पृष्ठभागावर येतो आणि ती चिकट होते. तिला प्लास्टिकच्या पिशवीत कोंबणं ही नेहमीची चूक.

मुलांचे खेळ मात्र हवेत विरतात, हे खरं आहे. म्हणूनच ते नोंदवावे लागतात, आणि इथे सगळ्यात जास्त चुका होतात. 'चला, खेळून दाखवा' म्हटलं की मुलं शाळेच्या कार्यक्रमासारखी नीटनेटकी आवृत्ती सादर करतात. कॅमेरा मुलांच्या उंचीवर, कडेला, स्थिर ठेवा, चौकट मोठी ठेवा आणि बाजूला व्हा. पहिली दहा मिनिटं वाया जातील, जाऊ द्या. भांडण झालं तर चित्रीकरण थांबवू नका, कारण खेळाचा खरा नियम 'ए, असं नसतं!' या वाक्यानंतरच बाहेर येतो. नंतर मुलांना बसवून नियम सांगायला लावा. राज्य कोणावर येतं, लहानग्याला सूट काय, आऊट झालेला कुठे उभा राहतो? आणि उतरवून घेताना 'चुकीचे' शब्द दुरुस्त करू नका. गाण्यातला निरर्थक वाटणारा शब्दच ते कुठून कुठे फिरलं याचा माग देतो.

मुलांना विचारणं फॅड नव्हे. बालहक्कांच्या १९८९ च्या संयुक्त राष्ट्र करारातलं बारावं कलम सांगतं की मुलाला स्वतःशी संबंधित गोष्टींत मत मांडता आलं पाहिजे आणि त्या मताला वय व समज पाहून वजन दिलं पाहिजे. स्वतः काढलेलं चित्र भिंतीवर लावायचं की नाही ही तशीच गोष्ट. पालकांची सही घ्याच, पण मुलालाही वेगळं विचारा, आणि मोठेपणी नाव काढून टाकायची मुभा लेखी द्या. मांडणीत विचारायचं तर 'आवडलं का?' हा प्रश्न निरुपयोगी आहे. उत्तर 'हो' असंच येतं. दहा वस्तू टेबलावर ठेवा आणि म्हणा, 'यातल्या दोन काढून टाकायच्यात, कुठल्या काढू, आणि का?' या 'का'चं उत्तर माहितीफलकावर जसंच्या तसं घ्या. फलक लावतानाही उंची बघा: सहा-सात वर्षांच्या मुलाचे डोळे जमिनीपासून साधारण ११० सेंटीमीटरवर असतात, आणि फलक बहुतेक वेळा दीडशेवर असतो.

सुरुवात कुठून करायची, असं तुम्ही शेवटी विचारलंय. नव्या वस्तू आणूच नका. जुन्या नोंदवहीतली दहा खेळणी काढा, देणाऱ्यांचा पत्ता लागतो का बघा आणि 'खेळणारं मूल' असा नवा रकाना आखा. जिथे उत्तर मिळणार नाही तिथे रकाना कोरा ठेवू नका. 'विचारलं, कळलं नाही' असं तारखेसह लिहा.