‘नैतिकता समित्या म्हणजे नुसता रबरी शिक्का’ या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

खारघरमधल्या कर्करोग संशोधनासाठी वापरल्या जाणाऱ्या उंदरांवर मी लिहिलं, त्याखाली तुम्ही घोडबंदर रोडहून सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा गोषवारा देतो. तुमच्या मते नैतिकता समित्या, म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगांना मंजुरी देणाऱ्या संस्थांमधल्या समित्या, हा संस्थांच्या सोयीचा रबरी शिक्का आहे, कायद्यातला दंड म्हणजे थट्टा आहे, प्राण्यांवरच्या प्रयोगांवर सरसकट बंदी हवी, आणि प्रयोग करायचेच असतील तर ते बलात्काराच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या कैद्यांवर करावेत. शेवटी तुम्ही विचारलंत, ‘त्या पिंजऱ्यासमोर कधी उभे राहिला आहात का?’

राहिलो आहे. नवी मुंबईतल्या एका संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीवर मी बिगर-वैज्ञानिक सदस्य आहे, आणि पिंजऱ्यांची पाहणी हा त्या कामाचाच भाग आहे.

आधी दंडाचं बोलू, कारण तिथे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा 1960 सालचा. प्रयोगांबाबतच्या अटी मोडल्या तर त्याच्या कलम 20 खाली जास्तीत जास्त 200 रुपये दंड होतो. एवढ्या पैशांत आज ठाणे स्टेशनहून घोडबंदरला रिक्षाने जाऊन परतही येता येत नाही. हा आकडा इतकी वर्षं तसाच ठेवणं लाजिरवाणं आहे. पण संस्थांना धाक असतो तो कलम 18 आणि 19 चा. प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय समितीने अधिकार दिलेला माणूस आत शिरून तपासणी करू शकतो, आणि नियम मोडलेले दिसले तर समिती त्या संस्थेचे प्रयोग ठराविक काळासाठी किंवा बेमुदत बंद पाडू शकते. चालू प्रकल्प थांबणं कुठल्याही संस्थेला 200 रुपयांपेक्षा कितीतरी महाग पडतं.

आता शिक्क्याविषयी. समितीवर संस्थेचेच लोक असतात असं तुम्ही लिहिलंत. ते निम्मंच खरं आहे. संस्थेतले शास्त्रज्ञ आणि पशुवैद्य असतातच, पण बाहेरचा शास्त्रज्ञ, माझ्यासारखा सामान्य माणूस आणि केंद्राचा प्रतिनिधी यांना केंद्रीय समिती, म्हणजे सीसीएसईए, नेमते. कुत्रा किंवा माकड वापरायचं असेल तर स्थानिक समितीची मंजुरी पुरत नाही, ते प्रकरण वर केंद्राकडे जातं.

बैठकीत नेमकं काय होतं ते सांगतो. संशोधक ‘फॉर्म बी’ हा मंजुरीचा अर्ज भरून आणतो. हाच प्राणी का, इतकेच का, वेदना किती होणार, भूल कुठली, शेवटी प्राण्याचं काय करणार, सगळं त्यात लिहावं लागतं. एका प्रस्तावात कर्करोगाची गाठ कशी पसरते ते पाहायचं होतं, आणि त्यासाठी दर आठवड्याला उंदरांचा एक गट मारून आतले अवयव तपासायचे होते. बाहेरून आलेल्या शास्त्रज्ञ बाईंनी विचारलं, प्रकाश देणाऱ्या पेशी का नाही वापरत? कर्करोगाच्या पेशींत काजव्यासारखं चमकणारं प्रथिन बसवता येतं. मग उंदराला भूल देऊन कॅमेऱ्याखाली ठेवला की गाठ जिवंतपणीच दिसते, आणि तोच उंदीर पुढच्या आठवड्यातही पाहता येतो. संशोधकाने प्रस्ताव परत नेला. सुधारून आणला तेव्हा उंदरांचा आकडा निम्म्याच्या खाली आला होता. वजन ठरलेल्या मर्यादेखाली गेलं तर शेवटाची वाट न पाहता त्या उंदराला वेदनारहित मरण द्यायचं, हेही त्यात आलं. रसेल आणि बर्च या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी 1959 साली मांडलेली त्रिसूत्री हीच: पर्याय शोधा, संख्या कमी करा, वेदना कमी करा.

डोळे मिटून सह्या करणाऱ्या समित्या कुठेच नसतील, असं मी म्हणणार नाही. त्यावर उपाय उजेडाचा आहे. ब्रिटनमध्ये वर्षभरात किती प्राणी वापरले, कशासाठी आणि त्यांना वेदना किती झाल्या, याचा सरकारी अहवाल दरवर्षी जाहीर होतो. आपल्याकडेही प्रत्येक नोंदणीकृत संस्थेने हे आकडे स्वतःच्या संकेतस्थळावर लावायला हवेत.

बंदीबद्दल. ताई, बंदी येतेच आहे, पण एकेका चाचणीवर, पर्याय सिद्ध होईल तशी. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला आणि तशी तपासलेली प्रसाधनं आयात करायला भारताने 2014 साली मनाई केली. प्राणिशास्त्राच्या वर्गातलं बेडूक-विच्छेदन यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, बंद करायला लावलं. 2023 मध्ये नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती झाली आणि चिपवर मानवी पेशी वाढवून अवयवाची नक्कल करण्यासारख्या, प्राण्यांविना होणाऱ्या चाचण्यांना जागा मिळाली.

आणि जिथे पर्याय अजून पुरा झालेला नाही, तिथलं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं घ्या. मुरबाड-शहापूरकडे भातलावणीच्या दिवसांत कुणाला घोणस चावली तर त्याला प्रतिविष द्यावं लागतं. घोड्यांना विषाचे लहान लहान डोस देऊन त्यांच्या रक्तातून ते मिळवतात. तयार झालेलं प्रतिविष किती विष मारू शकतं, हे उंदरांवर तपासतात. विष आणि प्रतिविष वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून टोचायचं आणि किती उंदीर जगतात ते मोजायचं. जे मरतात ते हालहाल होऊन मरतात. हे मी सौम्य करून सांगणार नाही. परीक्षानळीत आणि पेशींवर होणाऱ्या पर्यायी चाचण्यांवर काम चालू आहे, आणि त्याला कितीतरी जास्त पैसा मिळाला पाहिजे. पण ही चाचणी उद्या सकाळी बंद केली, तर पुरेसा जोर नसलेली कुपी त्या शेतकऱ्याच्या शिरेत जाईल आणि ते डॉक्टरला कळणारही नाही. म्हणून या एका जागी मी आज बंदीच्या बाजूने मत देणार नाही.

कैद्यांबद्दलचं तुमचं वाक्य मात्र मला मुळीच मान्य नाही. तुमचा संताप समजतो, त्या गुन्ह्याची चीड मलाही येते. पण हे जगात एकदा होऊन गेलं आहे. नाझी छळछावण्यांतल्या कैद्यांवर डॉक्टरांनी प्रयोग केले, आणि त्यांच्यावरच्या खटल्यातून 1947 साली न्यूरेंबर्ग संहिता आली. तिचं पहिलंच कलम सांगतं की माणसाची स्वेच्छेने दिलेली संमती हवीच. ठाण्याच्या मध्यवर्ती कारागृहातल्या माणसाला ‘तयार आहेस का?’ असं विचारलं, तर त्याच्या ‘हो’ला काय अर्थ? न्यायालयाने त्याला कारावास दिलेला असतो, त्याचं शरीर कुणाच्या हवाली केलेलं नसतं. शिवाय ‘याच्यावर चालेल’ अशी यादी एकदा सुरू झाली की तिच्यात पुढचं नाव कुणाचं, हे आपल्या हातात राहत नाही. उंदराची वेदना आपण मोजायची ती वेदना वाईट म्हणून. मग ती माणसाकडे सरकवून काय साधणार?

तुमच्या प्रतिक्रियेतली कळकळ मला वाया जाऊ द्यायची नाही. केंद्रीय पशुसंवर्धन विभागाला पाठवायच्या एका निवेदनाचा मसुदा मी केला आहे. त्यात दोनच मागण्या आहेत: कलम 20 चा दंड वाढवा, आणि प्रत्येक संस्थेला वर्षाचे आकडे जाहीर करायला लावा. तुमची तयारी असेल तर इथेच खाली कळवा, पुढच्या आठवड्यात तो पूर्ण टाकतो. त्यात काही कमी वाटलं तर तेही लिहा.