‘आकडे सरकारी आहेत’ एवढ्यानं भागत नाही

एनसीआरबीचा, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा, ‘क्राइम इन इंडिया’ अहवाल आला की थोड्याफार फरकानं तोच मजकूर फिरू लागतो: महाराष्ट्र खुनांत देशात तिसरा, देशात 2013 मध्ये बलात्कार 35 टक्क्यांनी वाढले, 2020 मध्ये गुन्हेगारी 28 टक्क्यांनी. शेवटी ठसका, ‘आकडे सरकारी आहेत’. आकडे खरेच आहेत. अर्थ तिन्ही ठिकाणी चुकलाय.

‘खुनांत तिसरा.’ 2022 मध्ये राज्यात खुनाचे 2,295 गुन्हे नोंदले गेले. उत्तर प्रदेश आणि बिहारनंतर आपलाच क्रमांक, बरोबर. पण 2011च्या जनगणनेत लोकसंख्येत आपण दुसरे होतो. लाखामागे दर काढला तर आपला 1.8 येतो, देशाचा 2.1. शहरांचे दर तर आणखी जपून वाचावेत: महानगरांच्या तक्त्यात भाजक म्हणून 2011च्या जनगणनेचीच लोकसंख्या असते. पुण्यासारखं वाढतं शहर त्यात आपोआप जास्त गुन्हेगार दिसतं.

‘2020 मध्ये 28 टक्के वाढ.’ ही वाढ कशाची, ते तक्त्यातच लिहिलंय. तेव्हाच्या भारतीय दंड विधानाचं कलम 188, म्हणजे अधिकृत आदेश मोडणं: 2019 मध्ये सुमारे 29 हजार गुन्हे, 2020 मध्ये 6.12 लाख. लॉकडाऊनमध्ये विनाकारण बाहेर पडलेला माणूस एकूण बेरजेत दरोडेखोराइतकाच, म्हणजे एक. त्याच वर्षी चोऱ्या घटल्या होत्या. काय गुन्हा ठरतं हे कायदा ठरवतो आणि कायदा जागेगणिक बदलतो. गडचिरोलीत दारूविक्री गुन्हा आहे. शेजारच्या चंद्रपुरात 2015 मध्ये बंदी आली, 2021 मध्ये उठली. माणसं तीच, तक्ता वेगळा.

‘2013 मध्ये 35 टक्के.’ 24,923 वरून 33,707. पण 2012च्या डिसेंबरातल्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्कारानंतर तक्रारी पुढे येऊ लागल्या, आणि 2013च्या कायदादुरुस्तीनं बलात्काराची व्याख्या रुंदावली, संमतीचं वय 16 वरून 18 झालं. व्याख्या बदललेल्या दोन वर्षांची थेट तुलना मुळात करूच नये. गुन्हे वाढणं आणि नोंद वाढणं वेगळं, हे एनसीआरबी स्वतःच अहवालात सांगतं. ते पान कुणी पुढे पाठवत नाही.

उलट बाजूची, म्हणजे गुन्हा घडूनही नोंद न होण्याची, गळती मोठी आहे. अहवालात फक्त दखलपात्र गुन्हे, म्हणजे पोलीस थेट तपास करू शकतात असे, येतात. पोलीस ठाण्यात ‘एनसी’ (अदखलपात्र नोंद) घेऊन परत पाठवलं की तुम्ही मोजणीबाहेर. एका एफआयआरमध्ये अनेक कलमं असली तर सर्वांत गंभीर गुन्हाच धरला जातो: खुनासह चोरी असेल तर चोरी मोजलीच जात नाही. घरातल्या मारहाणीचं तर विचारूच नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी जेमतेम 14 टक्क्यांनी कुणाची तरी मदत मागितली होती, आणि त्यात पोलिसांकडे जाणाऱ्या आणखी कमी.

सर्वांत सोपी गळती मोबाइलची. चोरीला गेला तरी हातात ‘गहाळ’चा दाखला पडतो, विम्याला किंवा नव्या सिमला तो पुरतो, म्हणून कुणी हटकत नाही. कागदावर गुन्हा रजिस्टर नंबर आणि कलम आहे का, एवढं पाहा. नसेल, तर ती चोरी झालेलीच नाही. नोंद नाकारली तर बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम 173(4)प्रमाणे तक्रार लेखी, टपालानं पोलीस अधीक्षकांकडे पाठवायची. तिथंही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज.