बारीक इम्प्लांट पाच वर्षांत मोडतं म्हणे!

सध्या एक मेसेज फिरतोय. पुढच्या दाताच्या जागी बारीक इम्प्लांट (हाडात बसवायचं कृत्रिम मूळ) बसवलं तर पाच वर्षांत मोडतं. टिकतं ते जाडच, बारीक ही डॉक्टरांची पळवाट. त्यावरची कॅप (वर दिसणारा कृत्रिम दात) जरा हलली की हाडाने इम्प्लांट सोडलं समजा आणि ताबडतोब काढून जाड घालून घ्या. इम्प्लांट असेल तर एमआरआय करता येत नाही. आणि या सगळ्यापेक्षा ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला दात, केव्हाही बरा. शेवटी अर्थातच, 'सर्वांना पाठवा'. काल तो घरातल्याच एकीकडून आला, सोबत प्रश्न: "माझी कॅप हलतेय, मग काढूनच घेऊ का?"

अगं, नको! बाकीचे मुद्दे नुसते चुकीचे आहेत, हा मात्र तोंडाचं वाटोळं करणारा आहे.

हाडात असतं ते इम्प्लांट, त्यावर कॅपला आधार देणारा जोड म्हणजे अबटमेंट आणि वर कॅप. अबटमेंटला इम्प्लांटशी जखडून ठेवतो एक इवलासा स्क्रू. वर्ष-दोन वर्षं नीट चाललेली कॅप एकदम हलायला लागली, तर बहुतेक वेळा सैल झालेला असतो हा स्क्रू. एक्स-रे काढला की उलगडा होतो: इम्प्लांटच्या आट्यांना हाड घट्ट लागून असेल आणि फट फक्त अबटमेंटच्या सांध्यात दिसत असेल, तर इम्प्लांट ठणठणीत आहे. मग कॅपच्या मागच्या बाजूचं भोक उघडायचं, आतली टेफ्लॉनची पट्टी काढायची, सांधा साफ करायचा, नवा स्क्रू घालून टॉर्क रेंचने (मोजून जोर लावणाऱ्या पान्याने) कंपनीने दिलेल्या आकड्यापर्यंत आवळायचा आणि दहा मिनिटांनी पुन्हा एकदा आवळायचा, कारण पहिला ताण थोडा उतरतो. कॅप सिमेंटने चिकटवलेली असेल तर तिला भोक पाडावं लागतं, वेळ जास्त जातो, इतकंच. मात्र स्क्रू सैल का झाला हे बघितलंच पाहिजे. खालचा जबडा पुढे सरकवताना खालचा दात त्या कॅपवर आपटत असेल आणि कॅप घासून ती टक्कर कमी केली नाही, तर सहा महिन्यांनी पुन्हा तेच.

हलती कॅप तशीच वापरत राहिलं की स्क्रू थकून तुटतो. तुटलेला तुकडा काढताना इम्प्लांटच्या आतल्या आट्या बिघडल्या तर मात्र धडधाकट इम्प्लांट खरंच वाया जातं.

आणि हाडाशी एकजीव झालेलं इम्प्लांट 'काढून घ्या' म्हणजे काय? उलटा जोर देऊन सोडवायचं, नाहीतर भोवतालचं हाड गोल कापून बाहेर काढायचं. वरच्या पुढच्या दातांपाशी ओठाकडची हाडाची भिंत बऱ्याचदा १ मिमीहून पातळ असते. ती गेली की हिरडी आत बसते, मग हाड भरा आणि महिनोन् महिने थांबा. एका सैल स्क्रूपायी! हां, एक्स-रेत इम्प्लांटभोवती सगळीकडून काळी रेघ असेल आणि ते स्वतःच हलत असेल, तर काढावंच लागतं. पण ते एक्स-रे ठरवतो, फॉरवर्ड नाही.

आता 'पाच वर्षांत मोडतं'. शिग्निट्झ आणि अल-नवास या संशोधकांनी २०१८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून बारीक इम्प्लांटचे तीन गट तपासले. ३ मिमीहून बारीक असलेल्यांचं टिकण्याचं प्रमाण सरासरी ९४.७ टक्के, ३ ते ३.२५ मिमीचं ९७.३ आणि ३.३ ते ३.५ मिमीचं ९७.७. शेवटच्या दोन गटांत नेहमीच्या जाडीच्या तुलनेत लक्षणीय फरक नव्हता, पहिल्या गटात होता. मेसेजमधलं अर्धसत्य एवढंच, आणि त्या पहिल्या गटातली पुष्कळशी एकसंध (अबटमेंट वेगळं नसलेली) मिनी इम्प्लांट कवळी धरून ठेवायला वापरतात. अर्थात 'टिकलं' म्हणजे तोंडात राहिलं, हिरडी छान राहिलीच असं नव्हे. शिवाय यातले बरेच अभ्यास थोड्याच वर्षांचे, त्यामुळे 'आयुष्यभराची गॅरंटी' देणाराही थापाच मारतो.

बारीक इम्प्लांट कमी ताकदीचं असतं हे नाइलाजाने कबूल. वाकण्याला होणारा विरोध साधारण व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे त्याच धातूचं ३.३ मिमीचं इम्प्लांट नेहमीच्या ४.१ मिमीच्या जेमतेम निम्म्या ताकदीचं. म्हणून तर काही बारीक इम्प्लांट टायटॅनियममध्ये १३ ते १५ टक्के झिर्कोनियम मिसळून करतात, आणि म्हणूनच दाढेच्या जागी किंवा झोपेत दात खाणाऱ्याला बारीक इम्प्लांट बसवताना हात आखडता घ्यावा.

पण जाड बसवायचं कुठे? वरच्या मधल्या दाताशेजारच्या दाताची जागा साधारण ६.५ मिमी. दोन्हीकडच्या मुळांपासून दीड-दीड मिमी सोडा, उरले ३.५. तिथे ४.१ घुसवलं तर शेजारच्या दाताजवळचं हाड झिजतं आणि दोन दातांमधली हिरडी जाऊन काळा त्रिकोण दिसतो. गंमत म्हणजे आधुनिक इम्प्लांटचे जनक ब्रेनमार्क यांच्या पद्धतीतलं नेहमीचं माप ३.७५ मिमी होतं, आजच्या 'जाड'पेक्षा बारीकच!

एमआरआय: टायटॅनियम चुंबकाला ओढलं जात नाही. तोंडाजवळचं चित्र थोडं बिघडतं, बस. कवळीला चुंबकाची पकड असेल तर मात्र आधी सांगा.

ब्रिजसाठी शेजारचे दोन चांगले दात कोरायचे, यात 'केव्हाही बरा' काय आहे? एका पंखाचा, म्हणजे एकाच शेजारच्या दाताला मागून चिकटवायचा ब्रिज मात्र खरोखर चांगला पर्याय आहे, विशेषतः वाढ पूर्ण न झालेल्या मुलांत. शेजारचे दात वाढीबरोबर सरकतात, इम्प्लांट जागचं हलत नाही, आणि काही वर्षांनी तोच दात आखूड दिसू लागतो.

तेव्हा कॅप हलतेय तोवर त्या दाताने चावू नकोस. निघून हातात आली तर घरी चिकटवू नकोस, स्क्रूसकट डबीत ठेव. आणि इम्प्लांटची कंपनी व माप लिहिलेलं कार्ड शोधून सोबत ने, कारण स्क्रूचा ड्रायव्हर कंपनीगणिक वेगळा असतो.